पाटीमागचा सतरा

कामाच्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या. दर्शनी भिंतीवरच्या ब्रॉन्झच्या स्मृतिफलकाचा खालचा उजवा कोपरा सुटलाय आणि त्याखाली दगडावर ओघळ आलाय, ही पहिली. दुसरी अशी, की फलक मुळात चुकीच्या घरावर असल्याची तक्रार आहे, तेव्हा उतरवा. परत लावायचा की नाही ते मागाहून कळवू. पहिली गोष्ट आमच्या हातातली होती. दुसरीचा धागा त्याच दिवशी परांचीवर सापडेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

तक्रारीत तथ्य वाटण्यासारखंच होतं. ज्यांची पाटी, त्यांच्या जुन्या पत्रांवर घर क्रमांक १७. पाटी लागलेल्या घराचा क्रमांक २३. आणि पाटीवर फक्त ‘येथे वास्तव्य होते’. कधीपासून कधीपर्यंत, काही नाही. लंडनमध्ये १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे, तिच्यावर १९१८–१९१९ अशी वर्षं दिली आहेत. वर्षं असली की कोणालाही त्या काळचे नकाशे आणि नोंदवह्या काढून पडताळता येतं. नुसत्या ‘येथे’वर वाद तेवढा घालता येतो.

आधी ओघळ पाहिला. ब्रॉन्झखाली हिरवा ओघळ असेल तर ते तांब्याचे क्षार. दिसायला वाईट, पण दगडाला सहसा धोका नसतो. हा तपकिरी होता. म्हणजे आत लोखंड. दर्शनी बाजूला चार कोपऱ्यांत ब्रॉन्झची ओतीव फुलं होती, त्यामुळे वरून सगळं एकाच धातूचं वाटत होतं. फूल फिरवून काढलं तर आत साधा लोखंडी बोल्ट, डोकं गंजून अर्धं उरलेलं. दोन वेगळे धातू आणि मध्ये पावसाचं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, आणि तिच्यात लोखंड झिजतं. त्यात ब्रॉन्झचा पृष्ठभाग मोठा नि लोखंडाचा लहान, म्हणून झीज आणखी वेगाने होते. गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा घेतो, कधी त्याहून बरीच जास्त. भोकात ती जागा नसते, मग दगड फाटतो. कोपरा ‘सुटला’ नव्हता, गंजाने तो ढकलून बाहेर काढला होता.

फलक ६०० बाय ४५० मिलिमीटरचा, १० मिलिमीटर जाड. २७०० घन सेंटिमीटर गुणिले ८.८, म्हणजे चोवीस किलोच्या आसपास, वर अक्षरांचं वजन. हे गणित शिडीवर चढण्याआधी करायचं असतं. चोवीस किलोची धारदार कडांची वस्तू अचानक सुटली तर हाताने धरता येत नाही. म्हणून दोन पट्टे वरच्या आडव्या नळीवरून घेऊन फलक आधीच तोलून ठेवला, दोघं दोन बाजूंना, आणि खालची जागा दोरी लावून बंद.

वरचे दोन बोल्ट पान्याने फिरले. खालचे दोन घट्ट. इथे हातोडी उचलायचा मोह होतो. ती उचलायची नाही, कारण प्रत्येक ठोका बोल्टमार्फत थेट दगडाच्या चिरेत जातो. फलक आणि भिंत यांच्या फटीत कंप पावणाऱ्या कटरचं पातं घालून दोन्ही बोल्ट कापले. लाकडी पाचरी एकेक मिलिमीटर आत सारत गेलो तसा फलक मोकळा झाला. चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे होते, मधे काहीच नव्हतं. लावणाऱ्याने सिमेंट वाचवलं होतं, आणि त्या काटकसरीमुळेच पुढचं सगळं टिकलं.

फलक पट्ट्यांवर बाजूला घेतला आणि मागे फिकट, ऊन न लागलेल्या दगडाच्या आयतात काळ्या तेलरंगाने रंगवलेला आकडा दिसला: १७. सुमारे सव्वाशे मिलिमीटर उंच. सातचा खालचा शेवट सिमेंटच्या एका गोळ्याखाली गेला होता, म्हणजे आकडा पाटीच्या आधीचा. पाटी नेमकी जुन्या क्रमांकावर ठोकली होती. भिंतीवर मोकळी, सपाट, नजरेच्या जरा वर अशी जागा एकच होती, आणि दोन्ही वेळेला लोकांना तीच आवडली.

कोणीतरी लगेच ओलं फडकं मागितलं, आकडा नीट दिसावा म्हणून. ते थांबवलं. इतका जुना तेलरंग दगडावर नुसता टेकलेला असतो, फडक्याबरोबर निघून येतो. मोजपट्टी शेजारी धरून समोरून एक फोटो घेतला, मग टॉर्च भिंतीला समांतर धरून तिरप्या उजेडात तीन. तिरप्या उजेडात ब्रशचे फटकारेही दिसतात आणि खाली आणखी जुना रंग असेल तर त्याची कडही दिसते. इथे तशी कड नव्हती, एकच थर.

रंगवलेला आकडा म्हणजे पुरावा नव्हे, कुठे शोधायचं ते तो दाखवतो एवढंच. भाडेकऱ्याने खोलीचा क्रमांक घातलेला असू शकतो. खरं काम कागदावर झालं, आणि ते पटकन झालं, कारण आता काय शोधायचं ते माहीत होतं. मालमत्ता कराच्या जुन्या वहीत ‘जुना क्रमांक, नवा क्रमांक’ असे दोन रकाने असतात. तिथे सतरासमोर तेवीस होतं. जुन्या भूमापन नकाशावर रस्त्याच्या कोपऱ्यापासून विषम क्रमांकांच्या बाजूची घरं मोजली तर हे घर नववं, म्हणजे १७. नंतरच्या नकाशावर कोपरा आणि हे घर यांच्यामधल्या मोकळ्या जागांवर तीन घरं उभी, म्हणून बारावं, म्हणजे २३. घर तेच, जागा तीच. मोजताना सुरुवात न बदललेल्या खुणेपासून करायची; इथे कोपऱ्यावरची दगडी इमारत दोन्ही नकाशांत सारखी होती. पाटी बरोबर होती, आणि ती बरोबर असल्याची खूण तिनेच झाकली होती.

यावर अर्थातच वाद झाला. एक म्हणणं असं, की पाटी दोन फूट सरकवा आणि आकडा लोकांना दिसू द्या. माझं मत विरुद्ध होतं. सरकवायची म्हणजे चांगल्या दगडात नवी भोकं, आणि आकडा उघडा ठेवला तर दोनतीन पावसाळ्यांत तो जाणार. भोक मात्र कायमचं. शेवटी ठरलं की जागा तीच, पण फलक भिंतीपासून १२ मिलिमीटर पुढे, म्हणजे मागे हवा फिरेल, पाणी अडकणार नाही. आणि बांधणी अशी, की अर्ध्या तासात उतरवता यावी.

गंजलेले बोल्ट दगडातून काढायला १८ मिलिमीटरचा हिऱ्याचा पोकळ बिट घेतला. तो बोल्टच्या भोवतीने जातो आणि बोल्ट गंजासकट सळईसारखा बाहेर येतो. ठोका बंद, नुसतं फिरणं. एरवी पाणी सोडून केलं असतं. आकड्यामुळे कोरडं, थांबत थांबत, शेजारी व्हॅक्यूम धरून. वरची भोकंही त्याच मापाला वाढवली. खालच्या उजव्या भोकापासून दगडाच्या कडेकडे १४ सेंटिमीटरची चीर होती. तिथे परत बोल्ट घालायचाच नाही. चिरेत चुन्याचं ग्राउट, म्हणजे ओतता येईल इतकं पातळ मिश्रण, सोडलं. भोकात एक भाग हायड्रॉलिक (ओलीतही घट्ट होणारा) चुना, अडीच भाग चाळलेली वाळू आणि त्याच जातीच्या दगडाची भुकटी भरली. सिमेंट दगडाहून कडक आणि ओल अडवणारं, म्हणून ते नाही. या वजनाला तीन बोल्ट भरपूर होतात; चौथ्या कोपऱ्यात नायलॉनचा आधार आणि दिसायला फूल.

उरलेल्या तीन भोकांत ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे, आतून आटे असलेले सॉकेट बसवले, बाहेरून १६ मिलिमीटर, लांबी ८०. सॉकेट दगडाला चिकटवणारं रेझिन भरण्याआधी भोक दोनदा फुंकायचं, दोनदा ब्रश, पुन्हा दोनदा फुंकायचं. हे कंटाळवाणं काम सगळे टाळतात आणि मग रेझिन दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं. नळीतून येणारं पहिलं रेझिन रंग एकसारखा होईपर्यंत फेकून द्यायचं, आणि भरायचं भोकाच्या तळापासून, नाहीतर आत हवा राहते.

फलक धुतला तेव्हा कळलं की ओघळापेक्षा जास्त नुकसान पितळ चमकवायच्या पॉलिशने केलंय. वर्षानुवर्षं उत्सवाच्या आदल्या दिवशी कोणीतरी श्रद्धेने घासत होतं. ओतीव अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या, शिरोरेषा बारीक झाली होती. आणि ‘यांचे’ मधला अनुस्वार पार गेला होता. पाटी ‘याचे येथे वास्तव्य होते’ असं म्हणत होती. आदराने लावलेल्या पाटीवर माणूस एकेरीवर आला होता. वेल्डिंगने टिंब चढवलं तर भोवतीचा रंग जळतो. म्हणून अडीच मिलिमीटरचं भोक पाडून ब्रॉन्झची पिन दाबून बसवली आणि शेजारच्या अक्षराच्या उंचीला घासली. देवनागरीत सुटी टिंबं सगळ्यात आधी जातात. नवा फलक ओतायचा असेल तर अनुस्वार शिरोरेषेपासून थोडा लांब आणि जरा जाडच घ्यावा.

रसायन वापरलं नाही. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, पूर्ण वाळवून धातू हाताला गरम लागेपर्यंत तापवला आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात दिले.

बसवताना फलकाची भोकं १० मिलिमीटरची, बोल्ट ८ चा, मधे नायलॉनची बुश, म्हणजे छोटी नळी. दोन धातू वेगळे राहतात आणि फलकाला हलायला जागा मिळते. ४० अंशांच्या फरकाने ६०० मिलिमीटर ब्रॉन्झ जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतं. लेव्हल लावली तर बुडबुडा मधोमध, पण खालून पाटी तिरकी दिसत होती. इमारत एका बाजूला बसलीय, दगडांचे थर फलकाच्या रुंदीत ४ मिलिमीटर उतरतात. लेव्हल खिशात ठेवली आणि थराला समांतर बसवली.

फुलांखालच्या बोल्टना चोरी टाळण्यासाठी खास डोकी आहेत. त्यांची चावी, आकड्याचे चार फोटो आणि करवहीच्या पानाची नक्कल एकाच पाकिटात घालून इमारतीच्या कागदपत्रांत ठेवली. पाकिटावर लिहिलं: ‘पाटीमागे आकडा आहे. पुसू नये.’