देवबागला निघताय? आधी तिथी बघा

कोल्हापूरहून देवबागला जाणारे बहुतेक लोक शनिवार-रविवार बघून निघतात. खरं तर बघायला हवी तिथी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असं हे मालवणजवळचं गाव. तारकर्लीच्या दक्षिणेला ही पट्टी निमुळती होत जाते आणि जिथं संपते तिथं नदी समुद्राला मिळते. त्यामुळं इथं काय बघायला मिळणार, हे भरती-ओहोटी ठरवते.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढं सरकते, म्हणून कालच्या वेळेवर आज विसंबू नका.

संगमाजवळचा वाळूचा दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ओहोटीलाच नीट उघडा पडतो. भरतीला तिथं पाण्यातच उभं राहावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, तेव्हा दांडा धड उघडा पडत नाही आणि लोक ‘काहीच नव्हतं’ म्हणत परततात. सकाळची बोट धरायची तर तृतीया ते पंचमी उत्तम, कारण उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी आठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. पौर्णिमेला हीच ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्ताआधी.

पोहण्याचं मात्र उलटं आहे. संगमावर ओहोटीच्या वेळी उतरूच नका. ओसरणारं पाणी आणि नदीचा प्रवाह एकाच दिशेला, समुद्राकडे, ओढतात. पंचगंगेत पोहायला शिकलेल्यालाही ती ओढ कळेपर्यंत पाय सुटलेले असतात. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ हात मारत दमू नका. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा.

गाडी वाळूवर घालायचा मोह अनेकांना होतो. रुतली तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक जेवढं फिरेल तेवढं खाली जाईल. चाकापुढची वाळू हातानं काढा, टायरची हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली फळी किंवा झावळ्या घाला आणि हळू बाहेर काढा. भरती चढत असेल तर हे सगळं करायला वेळच उरत नाही. तारकर्ली-देवबाग रस्ताही अरुंद आहे, सुट्टीत मोठी गाडी वळवायलाही जागा मिळत नाही. मुक्कामाच्या घरी लावा आणि चाला.

मुक्कामाच्या ठिकाणी पाणी जपून वापरा. अशा वाळूच्या पट्टीवर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर असतो. विहीर जास्त उपसली की ती मचूळ होते. जेवायला तांबडा-पांढरा मागू नका, बांगडा आणि सोलकढी घ्या. बोटीचा दर माणशी की अख्ख्या बोटीचा, हे चढण्याआधीच विचारा आणि लाइफ जॅकेट बांधूनच बसा. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद असतात.

रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, कट्टा, मालवण असा; दीडशे किलोमीटरच्या आसपास. गगनबावड्याहून करूळ घाटानं जायचं असेल तर घाट चालू आहे का, हे निघायच्या दिवशी विचारा, पावसाळ्यात दरडी येतात. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे अजून कागदावरच आहे, तेव्हा पर्याय गाडी नाहीतर एसटी.

परतताना कट्ट्याऐवजी चौके-धामापूरवरून कुडाळला निघा आणि तिथून कणकवली गाठा. धामापूरचा तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं मंदिर. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. दोन दिवस खाऱ्या पाण्यात काढल्यावर हे शांत गोडं पाणी बघायला अर्धा तास तरी द्या, पण दुपारी तीनच्या पुढं थांबू नका. फोंडा घाट चढून दाजीपूरला येईपर्यंत अंधार पडला तर रस्त्यावर गवे असतात. एक गेला म्हणून लगेच गाडी पुढं काढू नका, मागं कळप असतो. हॉर्न न वाजवता, दिवे डिम करून सगळे ओलांडेपर्यंत थांबा.