साच्याचे पोट

ओतकामाच्या कारखान्यात नवा माणूस आला की त्याचे लक्ष आधी भट्टीकडे जाते, आणि त्यात त्याचे काही चुकते असे नाही, कारण लोखंडाचा लालभडक रस लॅडलमध्ये, म्हणजे रस वाहून नेण्याच्या भांड्यात, पडताना पाहणे हा अनुभवच तसा आहे. माझेही तसेच झाले होते. पण मोल्डिंग विभागात, म्हणजे साचे बनवण्याच्या कामात, बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे बनले आहे की कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, नीट निघणार की भंगारात जाणार, याचा बराचसा निकाल रस ओतण्याच्या पुष्कळ आधी, यंत्रावर वाळू दाबली जाते त्या काही सेकंदांतच लागलेला असतो. आजचा लेख त्या काही सेकंदांविषयी आणि ते घडवून आणणाऱ्या यंत्रांविषयी आहे.

मी शिकाऊ असताना तयार साच्याच्या वरच्या बाजूला हार्डनेस टेस्टर टेकवून आकडे वहीत लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. हे उपकरण दिसायला खिशातल्या घड्याळासारखे असते. त्याच्या खालच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेले एक लहान गोलसर टोक असते आणि ते वाळूवर दाबले की ० ते १०० या पट्टीवर काटा फिरतो. काटा ८० च्या पुढे गेला की मी समाधानाने पुढच्या पेटीकडे, म्हणजे साच्याची वाळू धरून ठेवणाऱ्या चौकटीकडे, वळत असे. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी हे चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी मला थांबवून म्हणाले, "साहेब, वरून काय बघताय? पोट फाडून बघा."

त्यांनी मग एकाच पॅटर्नवर, म्हणजे ज्याच्यावर वाळू दाबून साच्यात आकार उमटवतात त्या नमुन्यावर, दोन साचे करायला लावले. पहिल्या साच्याला फक्त जोल्ट, म्हणजे झटके दिले, आणि दुसऱ्याला झटके न देता फक्त वरून दाब दिला. दोन्ही साचे पेटीतून मोकळे करून आम्ही पातळ पात्याने उभे कापले आणि कापलेल्या तोंडावर वरपासून खालपर्यंत बोटा-दोन बोटांच्या अंतराने टेस्टर लावत गेलो. झटक्यांच्या साच्यात पॅटर्नला लागून असलेली वाळू उत्तम घट्ट होती, वर येता येता ती सैल होत गेली होती आणि अगदी वरच्या थरात बोट सहज रुतत होते. दाबाच्या साच्यात नेमके उलटे चित्र होते. वरचा थर विटेसारखा आणि पॅटर्नजवळची वाळू, म्हणजे जिच्या अंगाला प्रत्यक्ष रस लागणार ती वाळू, सर्वांत कच्ची. त्या दिवशी वहीत लिहिलेले आकडे आता आठवत नाहीत, पण कापलेल्या त्या दोन तोंडांवर बोट फिरवताना जाणवलेला फरक मात्र अजून लक्षात आहे.

याचे कारण साधे आहे. पाण्याला एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, परंतु वाळू हा द्रव नव्हे. तिचे कण एकमेकांना अडतात, आपापसांत लहान लहान कमानी करून उभे राहतात, आणि पेटीच्या भिंतींशी होणारे घर्षण दाबाचा मोठा हिस्सा खाऊन टाकते, त्यामुळे वरून दिलेला जोर खाली जाईतो विरत जातो. झटक्याचे तत्त्व वेगळे आहे. त्यात हवेच्या दाबाने टेबल काही सेंटिमीटर उचलून खाली आपटतात, तेव्हा प्रत्येक थराला त्याच्या वर असलेल्या वाळूचे वजन ठोकून बसवते. सर्वांत वरच्या थरावर कोणाचेच वजन नसल्यामुळे तो सैल राहतो. म्हणूनच अनेक कारखान्यांत आजही चालणाऱ्या जोल्ट-स्क्वीझ यंत्रावर आधी झटके देतात आणि नंतर दाब देतात, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मोल्डिंग यंत्रांची नंतरची वाटचाल मला तरी या एकाच अडचणीवर शोधलेल्या उत्तरांची वाटचाल वाटते.

वाळूविषयी थोडे सांगायला हवे. या कामातल्या वाळूला ग्रीन सँड म्हणतात, पण तिचा हिरव्या रंगाशी काही संबंध नाही. ती काळीकुट्ट असते आणि 'ग्रीन' याचा अर्थ येथे ओली, न भाजलेली एवढाच आहे. सिलिका वाळूत साधारण ७ ते १० टक्के बेंटोनाइट ही चिकणमाती, ३ ते ४ टक्के पाणी आणि थोडी कोळशाची भुकटी असे ते मिश्रण असते. बेंटोनाइट पाणी पिऊन चिकट होते आणि मलर या घोटण्याच्या यंत्रात घोटताना प्रत्येक कणावर त्याचा पातळ लेप बसतो. कोळशाची भुकटी रसाच्या उष्णतेने वायू सोडते व वाळू कास्टिंगला भाजून चिकटू देत नाही. मूठभर वाळू दाबून तिचा मुटका मधोमध मोडला आणि तुटलेल्या कडा धारदार राहिल्या, तर पाणी बरोबर आहे असे जुने लोक समजत. प्रयोगशाळेत हीच गोष्ट कॉम्पॅक्टेबिलिटीच्या आकड्याने मोजतात: नळीत काठोकाठ सैल वाळू भरायची, ठरलेल्या वजनाचे तीन ठोके द्यायचे आणि उंची किती टक्क्यांनी खाली गेली ते पाहायचे. बहुतेक ठिकाणी हा आकडा ३५ ते ४५ च्या दरम्यान ठेवतात. वाळू नीट नसेल तर कितीही महागड्या यंत्राने तिच्यातून चांगला साचा निघत नाही.

आता दाबाचा हिशेब पाहू. हवेवर चालणाऱ्या यंत्राचा सिलिंडर ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि हवा ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची आहे असे धरले, तर सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर आणि एकूण जोर सुमारे ४,२४० किलो होतो. चार टनांहून अधिक जोर ऐकायला पुष्कळ वाटतो. पण साच्याची पेटी ५० बाय ५० सेंटिमीटरची असली तर तो जोर २,५०० चौरस सेंटिमीटरवर वाटला जातो आणि वाळूच्या वाट्याला दर चौरस सेंटिमीटरला फक्त १.७ किलो येतात. त्याच पेटीवर २० सेंटिमीटर व्यासाचा हायड्रॉलिक सिलिंडर दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोच्या तेलदाबाने चालवला तर तोच आकडा साडेबारा किलोच्या आसपास जातो. हवेचे यंत्र झटक्यांवर इतके अवलंबून का असते आणि हाय-प्रेशर यंत्रांनी तेलाचा आधार का घेतला, हे या दोन आकड्यांवरूनच कळते. झटक्यांचा आवाज आणि हादरे ज्यांनी आठ-आठ तास सोसले आहेत, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र दाब वाढवला म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. सपाट पाटीने दाबले तर पॅटर्न जिथे उंच आहे तिथे त्याच्या डोक्यावरची थोडीशी वाळू लगेच घट्ट होते, पाटी तिथेच अडते, आणि बाजूच्या खोल भागापर्यंत दाब पोचतच नाही. यावर उपाय म्हणून दाबणारे डोके एकसंध न ठेवता त्याचे अनेक लहान चौकोनी भाग केले जातात आणि प्रत्येकामागे स्वतंत्र पिस्टन असतो. जिथे वाळू जास्त तिथे तो भाग अधिक खाली उतरतो. दुसऱ्या बाजूने, अति घट्ट साच्याचेही तोटे आहेत. त्यातून वायू बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि क्वार्ट्झचा कण ५७३ अंश सेल्सियसला एकाएकी फुगतो तेव्हा त्याला सरकायला जागा उरलेली नसते, म्हणून साच्याचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा उचलला जातो आणि कास्टिंगवर स्कॅब, म्हणजे खडबडीत खपली, दिसते. प्रत्येक कास्टिंगच्या दोषावर 'दाब वाढवा' हा एकच तोडगा सुचवणाऱ्यांशी माझे म्हणूनच फारसे जमत नाही.

पुढे यंत्र बनवणाऱ्यांनी हवेचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. एअरफ्लो पद्धतीत पेटीत वाळू भरल्यावर वरून दाबाखालची हवा सोडतात आणि ती वाळूतून खाली झिरपत पॅटर्न प्लेटमध्ये, म्हणजे पॅटर्नखालच्या पाटीत, बसवलेल्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या बारीक वाटांमधून, बाहेर पडते. जाताना ती कणांना आपल्याबरोबर पॅटर्नकडे ओढते आणि त्यानंतर वरून दाब दिला जातो. झटक्यांनी जे होत असे, म्हणजे पॅटर्नजवळची वाळू आधी बसणे, तेच येथे विनाआवाज होते. यात मला विशेष आवडते ती गोष्ट म्हणजे हवा कुठून बाहेर जाऊ द्यायची, हे व्हेंटच्या जागा बदलून आपल्याला ठरवता येते, आणि त्यामुळे पॅटर्नच्या दोन पाकळ्यांमधल्या, म्हणजे पातळ उभ्या पट्ट्यांमधल्या, अरुंद खोबणीतही वाळू पोचवता येते.

सगळ्यांत निराळी वाट मात्र डेन्मार्कमध्ये निघाली. तेथील तंत्र विद्यापीठाचे प्राध्यापक वाग्न ओगे जेप्पेसन यांनी १९५७ मध्ये पेटीशिवाय उभे साचे करण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६१ मध्ये डान्स्क इंडस्ट्री सिंडिकाट या कंपनीने ते हक्क घेतले आणि १९६२ मध्ये डिसामॅटिक यंत्र लोकांसमोर आले. पहिल्याच यंत्राची क्षमता तासाला २४० साच्यांची होती. पुढच्या यंत्रांनी साडेपाचशेपर्यंत मजल मारली.

त्याचे काम एकदा जवळ उभे राहून पाहण्यासारखे आहे. एका बंद कोठडीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर पॅटर्न बसवलेले असतात. वरून हवेने वाळू आत फुंकली जाते आणि दोन्ही भिंती जवळ येऊन तिला दाबतात. मग पुढची भिंत साच्यापासून अलग होऊन झुल्यासारखी वर उचलली जाते, मागची भिंत वाळूचा तो ठोकळा पुढे ढकलत आधीच्या ठोकळ्याला नेऊन भिडवते, आणि मागे येता येता आपला पॅटर्न त्यातून सोडवून घेते. प्रत्येक ठोकळ्याच्या पुढच्या अंगावर एका कास्टिंगचा अर्धा आणि मागच्या अंगावर पुढच्या कास्टिंगचा अर्धा आकार असतो, त्यामुळे पेटीच्या पद्धतीत एका ओतीला वरचा कोप आणि खालचा ड्रॅग असे दोन साचे लागतात, तिथे येथे सरासरी एकच ठोकळा पुरतो. ठोकळ्यांची ही माळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकत राहते आणि रस त्या माळेतच ओतला जातो. पेट्या नाहीत, त्यामुळे पेट्या परत आणण्याचा, त्यांच्या झिजलेल्या पिन आणि बुश बदलण्याचा आणि त्या झिजेमुळे दोन अर्धे एकमेकांवरून सरकण्याचा त्रासही नाही. कोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा गाभा, बसवायची असेल तर मात्र वेग कमी होतो, कारण ती दर फेरीला नेमक्या जागी ठेवायला वेळ लागतो. शिवाय पॅटर्न बदलून थोडेथोडे नग काढणाऱ्याला हे यंत्र परवडत नाही. तिथे एकाच पाटीच्या दोन्ही अंगांवर पॅटर्न असलेले मॅचप्लेटचे आडवे यंत्र किंवा साधे जोल्ट-स्क्वीझच बरे.

दाबण्याविषयी इतके लिहिले, पण साचा मोडतो तो बहुधा पॅटर्न काढताना. पॅटर्न सुटतो तो क्षण यंत्राने अगदी सावकाश आणि सरळ रेषेत पार पाडावा लागतो. उचलणाऱ्या चार पिनांपैकी एक जरी मिलिमीटरभर आधी निघाली तरी साचा तिरपा होतो आणि खोल भागातली वाळू पॅटर्नला धरून वर जाते. पॅटर्नच्या उभ्या बाजूंना एखादा अंश उतार ठेवतात तो याचसाठी. परत आलेली वाळू गरम असली तर तिच्यातली वाफ थंड पॅटर्नवर पाण्याच्या रूपाने बसते, वाळू चिकटते आणि दोष यंत्राच्या नावावर लिहिला जातो.

असाच एक प्रकार माझ्या हातूनही झाला. एअरफ्लो यंत्रावर आमचे एक एसजी आयर्नचे, म्हणजे गोलसर दाण्यांचे ग्रॅफाइट असलेल्या लोखंडाचे, कास्टिंग चालू होते आणि त्याचे वजन काही आठवड्यांत हळूहळू वाढत गेले. ३० सेंटिमीटर उंचीचा रस तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० ग्रॅमच दाब देतो, पण वाळू कच्ची असेल तर भिंत तेवढ्यानेही मागे सरते. शिवाय या लोखंडात गोठताना तयार होणारे ग्रॅफाइट आतून फुगून तिला आणखी रेटते. मी स्क्वीझचा दाब दोनदा वाढवला. टेस्टर वरच्या बाजूला ८८ दाखवत होता आणि वजन तरीही उतरत नव्हते. शेवटी मिस्त्रींचे शब्द आठवले आणि एक साचा कापला, तेव्हा पॅटर्नच्या दोन पाकळ्यांमधल्या खोबणीच्या तळाशी वाळू हाताने भुरभुरत होती. त्या खोबणीतल्या व्हेंटना अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद चिरा असतात, आणि पॅटर्नवर फवारायचे तेल व वाळूची धूळ यांच्या किटणाने त्या पार बुजल्या होत्या. हवेला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून वाळू तिथवर गेलीच नव्हती. व्हेंट बदलले, दाब पूर्वीच्या जागी आणला आणि दुसऱ्या दिवशीच्या कास्टिंगचे वजन ठरल्याप्रमाणे भरले.

तेव्हापासून आमच्याकडे नवा पॅटर्न चढला की पहिला साचा ओतण्यासाठी जात नाही. तो कापला जातो, आणि वहीत वरच्या आकड्याशेजारी खोबणीच्या तळाचा आकडाही लिहिला जातो. उत्पादनाचा हिशेब ठेवणाऱ्यांना हा एक साचा दर वेळी वाया गेलेला दिसतो आणि ते तसे बोलूनही दाखवतात. कापलेली वाळू झाडून आम्ही पुन्हा मलरमध्ये टाकतो.