बाटलीभर चैत्र

आपल्याकडचा वसंत राहतो झाडांच्या शेंड्यावर. पळस, पांगारा, काटेसावर यांची फुलं पोतंभर मिळतील, पण देठ बोटभरही नाही. म्हणून उंच फुलदाण्या मार्च-एप्रिलात ठाण्यात बिनकामाच्या. जांभळी नाक्याच्या बाजारातून निशिगंधाच्या दांड्या आणल्या तरच त्या भरायच्या. घराभोवतीच्या फुलांना हवी मसाल्याची किंवा सिरपची रिकामी बाटली. तोंड दोन-अडीच सेंटीमीटरचं असलं की तीन काड्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. रुंद तोंडाच्या बरणीत त्याच काड्या कडेला आडव्या होतात. तिथे तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची उभीआडवी जाळी मारावी.

तोडणी सकाळी, ऊन चढण्याआधी. देठात तेव्हा पाणी भरलेलं असतं. कात्री धारदार हवी आणि काप तिरका. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढायची, कारण फुलांआधी तीच कुजतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो. उंचीचे नियम पुष्कळ आहेत. छोट्या बाटलीच्या वर बाटलीइतकीच फुलं दिसावीत, एवढा एक पुरे. त्याहून वाढवलं तर पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा बाटली कलंडते.

येऊरच्या जंगलातलं मात्र काही तोडायचं नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची गरजही नसते, कुंपणांवर आणि बांधांवर गिरिपुष्प उभं असतंच. निष्पर्ण फांदीला गुलाबी घोस थेट चिकटलेले. वीतभर तुकडा एकटाच शोभतो. पाकळ्या लवकर झडतात. त्या टेबलावर पडू द्याव्यात, पण लहान मुलांच्या हाताशी नकोत. या झाडाला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. चाफ्याचा देठ कापला की पांढरा चीक येतो. टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरलं की तो थांबतो. बोगनवेल बाटलीत ठेवताच मान टाकते, ती पानांमुळे. पानं उतरवून फांदी तासभर बादलीत पूर्ण बुडवली तर बहुधा सावरते. जास्वंदीचं आयुष्यच एका दिवसाचं, तिला पाणी द्या न द्या, सारखंच. काटेसावरीची जाड, मेणचट फुलं उभी करण्याच्या भानगडीत पडू नये. परातीत दोन बोटं पाणी घालून उताणी सोडावीत. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी आणाव्यात, त्या रात्री खोलीतच उमलतात.

पाणी रोज बदलायचं. बाटलीत मावतं किती, अर्धी वाटी! उन्हाळ्यात ते दुपारीच खाली गेलेलं असतं. शिवाय डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात, काठालगत अंडी घालतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आतून ब्रशही फिरवावा. फुलं टिकावीत म्हणून पाण्यात साखर-लिंबू घालायचा उपाय काचेत ठीक. पितळी फुलपात्रात लिंबू घातलं की ते कळकतं.

आणि हापूसची पेटी उघडलेल्या खोलीत फुलं ठेवू नयेत. पिकणाऱ्या आंब्यांतून निघणारा इथिलीन वायू फुलांनाही पिकवतो, म्हणजे कोमेजवतो. या दिवसांत घरात दुसरी खोली नसेल तर आंब्यालाच मान द्यावा. फुलं खिडकीत जातील.