निम्मी पिल्लं डोंगराकडं

टॉवेलवर कमळ काढलं तर पाकळ्या कुणी मोजत नाही. मोराच्या पिसाऱ्याचंही तेच. सोलापुरात जेकार्डचे, म्हणजे मागावर चित्र विणणाऱ्या यंत्राचे, ग्राफ काढण्यात माझी उमर गेली, आणि एवढ्या काळात गिऱ्हाईक विचारत आलंय ते दोनच प्रश्न: वजन किती, रंग जातो का. म्हणून दिवाळीनंतरचा तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

ऑर्डर कोकणातल्या एका बचत गटाची होती. दापोली-मंडणगड पट्ट्यातलं किनाऱ्यावरचं गाव. तिकडं वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ साली समुद्री कासवांची घरटी राखायला घेतली, त्यातूनच पुढं कासव महोत्सव उभा राहिला. मग आजूबाजूच्या गावांनीही तो धरला. फेब्रुवारी ते एप्रिल पाहुणे येतात, लोकांच्या घरी राहतात, पहाटे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन पिल्लं समुद्रात जाताना बघतात. या बायकांना पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला आणि विकायला कासवाचे टॉवेल हवे होते. नग तीनशे. आमचे मालक तीनशे नगाला एरवी चहासुद्धा पाजत नाहीत, पण मंदीत माग उभे होते, म्हणून घेतली.

चित्र मालकांनीच मोबाईलवर शोधून दिलं. मी नमुना तसाच बसवला: मधोमध मोठं कासव, भोवती पिल्लांच्या रांगा, दोन्ही टोकांना लाटांची बॉर्डर. आमच्या जुन्या मागावर सहाशे हुकांचं जेकार्ड आहे आणि हार्नेस, म्हणजे हुकांपासून उभ्या धाग्यांपर्यंतच्या दोऱ्या, आरशाची बांधलेली. म्हणजे डाव्या अर्ध्यात जे काढाल ते उजवीकडं उलटं होऊन आपोआप उठतं. निम्म्या मेहनतीत पूर्ण पन्हा. सोलापूरचं निम्मं डिझाईन असंच जन्मतं. आमचे मोर समोरासमोर का उभे असतात, याचं कारण इतकंच आहे.

अक्कलकोट-गाणगापूरच्या दर्शनाला निघालेली त्यांची गाडी नमुना बघायला कारखान्यावर थांबली. तीन ताई आणि विशीतला एक पोरगा. तो त्यांच्याकडचा कासवमित्र. घरट्यांची राखण करणारा. ताईंनी टॉवेल गालाला लावून बघितला, झटकला, उन्हात धरला. बायका बघतात तसा. पोरानं तो जमिनीवर अंथरला, उकिडवा बसला आणि मोठ्या कासवाच्या पाठीवर बोट ठेवून मोजायला लागला.

"काका, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या खवल्यांच्या चारच जोड्या आहेत. हे हिरवं कासव झालं. आमच्याकडं येतं ते ऑलिव्ह रिडले. त्याला सहा तरी पाहिजेत."

मालक हसले. "कासवाची पाठ कोण मोजत बसणार बे?"

"आम्ही मोजतो," पोरगा म्हणाला. "आणि कधी कधी डावीकडं सहा, उजवीकडं सात असतात."

इथं मला हसू आलं, कारण आरशाच्या हार्नेसवर सहा-सात होणंच शक्य नाही. होतील ते सहा-सहा. तेवढ्यावर तो मानला. पण सहा बसवणंही सोपं नव्हतं. टेरी टॉवेलला दोन बीम असतात, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ: एक जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या, ताण्याचा आणि दुसरा लूपच्या ताण्याचा. हा दुसरा सैल सोडलेला. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे थोडं अलीकडं थांबतात, तिसऱ्याबरोबर फणी तिघांना एकदम ठोकते, आणि सैल तार वर उडून लूप होतो. चित्र उठतं ते या लूपांच्या ठिपक्यांतून. एका लूपाची रेघ कागदावर सुंदर दिसते, पण टॉवेल पहिल्यांदा धुतला की लूप फुगतात आणि रेघ गिळून टाकतात. संगणकावर बसणाऱ्या नव्या पोरांना हे सांगून कळत नाही. स्क्रीनवर दिसलं म्हणजे कापडावर दिसणार, असा त्यांचा समज. रेघ तीन लूपांची धरावी लागते. सहा जोड्या, प्रत्येकीमध्ये तीन लूप, वर पाठीच्या कण्याची रांग. म्हणजे कासव दीडपट मोठं करणं आलं.

मी मनात हा हिशोब घालत असताना त्यानं पिल्लांवर बोट ठेवलं. "यात पाणी कुठल्या बाजूला आहे?"

"दोन्ही बॉर्डरला लाटा आहेत की."

"दोन्हीकडं पाणी म्हणजे बेट झालं. आणि पिल्लं तर पाण्याकडं चाललीच नाहीत. निम्मी इकडं, निम्मी तिकडं."

मी आरशाची हार्नेस समजावली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, हे आमच्याकडं खरंच होतं."

पिल्लं बहुतेक रात्रीच वाळूतून वर येतात. अंधारात क्षितिजाची जी बाजू उजळ दिसते तिकडं ती धावतात, आणि ती बाजू समुद्राची असते. पण मागं एखादा मोठा दिवा लागलेला असला की उजळ बाजू बदलते. राखणीत नसलेलं एखादं घरटं राहून जातं, सकाळी वाळूवर बारीक बारीक पावलांच्या रेघा दिसतात, आणि त्या रेघा सुरूच्या झाडांकडं, रस्त्याकडं गेलेल्या. त्या रेघांच्या मागं तो चालत गेलेला आहे. टोकाला काय सापडतं ते त्यानं सांगितलं नाही, एक ताई म्हणाल्या, "कावळे आधी पोचलेले असतात." म्हणूनच अंडी कुंपणाच्या आत हलवायची, पन्नासेक दिवस राखायची, वर टोपली पालथी घालायची. शंभरेक अंड्यांच्या एका खड्ड्यामागं एवढा व्याप.

"हा टॉवेल खोलीत टांगला," ताई म्हणाल्या, "तर पाहुण्यांना आम्ही काय सांगणार, दादा? दिवसभर त्यांना दिवे बंद करा म्हणतो."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. हार्नेस बदलायची म्हणजे माग आठवडाभर उभा, तीनशे नगासाठी ते कुणीच करणार नाही. पण आरसा फक्त डाव्या-उजव्याला असतो, वर-खाली नसतो. पिल्लं आडवी न चालवता उभ्या ताण्याच्या दिशेनं चालवली, तर उलटं होऊनही प्रत्येकाचं तोंड खालीच राहतं. लाटा एकाच टोकाला घ्यायच्या, बिनलुपाच्या सपाट विणीत. दुसरं टोक नुसत्या वाळूच्या रंगाचं. टॉवेल उलटा केला की रंग अदलाबदल होतात, पण दिशा तीच राहते. मी तिथंच कागदावर काढून दाखवलं. पोरगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता समुद्र आहे."

मालक कुरकुरले. दोन्ही टोकं सारखी असली की कटिंगवाला डोळे मिटून कापतो. आता कुठलं टोक वाळूचं ते बघून लेबल लावावं लागणार, शिलाईच्या बाया वैतागणार. त्यांची तक्रार खोटी नव्हती. तरी चहा मागवला. चहावर पोरानं गुहागरच्या 'बागेश्री' नावाच्या मादी कासवाची गोष्ट सांगितली. २०२३ साली तिच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला, आणि ती श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली. मालकांचे आजोबा करीमनगरकडून मागावर आलेले. मालक म्हणाले, "आमच्यापेक्षा लांब आली म्हणायची."

टॉवेल वेळेत गेले. ताईंनी फोटो पाठवले, सगळे दोरीवर लाटा खाली करून टांगलेले.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. मालकांनी तो नमुना शोरूमला लावला, आणि गेल्या आठवड्यात किनाऱ्यावरच्याच एका रिसॉर्टची ऑर्डर आली. दोन हजार नग. कासव हवंय, पण 'दोन्हीकडं लाटा, पिल्लं समोरासमोर, फोटोत बरं दिसतं', आणि दर कमी. म्हणजे माझा पहिला ग्राफ जसाच्या तसा. तो कपाटात आहे, जेकार्डची भोकांची कार्डं पंच केलेली आहेत, काम अर्ध्या दिवसाचं. पॉलिस्टरच्या ब्लँकेटांनी चादरीचा बाजार बसवल्यापासून दोन हजार नगाची ऑर्डर नाकारणारा कारखानदार मला सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, दाखवा. भौगोलिक मानांकन आहे आमच्या चादरीला आणि टॉवेललाही. त्यानं विजेचं बिल भरत नाही. मागावरच्या चार घरांचा पगार त्या दोन हजारात आहे, हे मलाही कळतं.

मी मालकांना म्हटलं, एकाच बाजूचं डिझाईन त्याच दरात देतो, मजुरीचा फरक माझ्यातून कापा. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला समोरासमोरच पाहिजे. मग म्हटलं, कासव काढूनच टाकू, मासे घालू. मासे समोरासमोर असले तर कुणाचं काही बिघडत नाही.

"मासा ताटात बरा," मालक म्हणाले. "सोमवारी कार्डं मागावर चढव."