"दोनच मिनिटं हो!"

"दोनच मिनिटं हो!" तो माणूस हे चक्क खांबाला सांगत होता.

व्हीलचेअरचं चित्र असलेल्या जागेत त्याने गाडी घातली. जमिनीतल्या सेन्सरला ती कळली, परवान्याचा टॅग मात्र सापडेना. लगेच खांबावरचा लाल दिवा लुकलुकला आणि स्पीकर बोलला, "ही जागा दिव्यांगांसाठी राखीव आहे." साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, थोडी हुज्जत घातली (खांबाशी!) आणि गाडी काढली. मला जाम हसू आलं.

थोड्या वेळाने परवाना असलेली गाडी आली. दिवा हिरवा, सगळं रीतसर. पण शेजारच्या तिरक्या पट्ट्यांवर कुणीतरी स्कूटर लावून ठेवलेली. बाईंनी दार उघडलं, ते अर्ध्यातच स्कूटरला टेकलं.

व्हीलचेअर बाहेर काढून तिच्यात सरकायला १.२ ते १.५ मीटर मोकळी जागा लागते. ते पट्टे त्यासाठीच. सेन्सर मात्र फक्त गाडी लावायच्या चौकटीत बसवलेला. पट्ट्यांचं त्याला काय!

आम्ही तिथल्या दोघांनी मिळून स्कूटर ढकलली. बाई म्हणाल्या, "रोजचंच आहे. आज निदान कुणीतरी होतं."

पट्ट्यांचा अर्थ मला आज कळला. तुम्हाला माहीत होता?