सातवा प्रश्न

गृहस्थ आत आले ते हातात वही घेऊन. बसायच्या आधीच त्यांनी ती माझ्यापुढे उघडून ठेवली. पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली उभी रेघ. डावीकडे 'प्रश्न', उजवीकडे 'उत्तर'. प्रश्न अकरा. धंदा बंद करावा की आणखी वर्षभर रेटावा, भावाशी बोलणं सुरू करावं का, मुलीला कर्जाचं सांगावं का... उजवा रकाना कोरा. सातवा प्रश्न पेनाने इतका गिरगिटून खोडला होता की तिथे कागद फाटला होता.

"मॅडम, आज जमतील तेवढी उत्तरं द्या. बाकीची पुढच्या वेळी."

(हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

'समुपदेशन' या शब्दातच उपदेश दडलेला आहे, त्यामुळे माणसं उपदेश मागायला येतात यात त्यांचा काही दोष नाही. पण कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकातच सल्ला देण्यावरचा भर काढून समोरच्याला नीट समजून घेण्यावर आणला. आमच्या कामाचा मोठा भाग आजही त्याच पायावर उभा आहे. धंदा बंद करा असं मी सांगायचं आणि परिणाम त्यांच्या घराने भोगायचे, हे मला पटतही नाही.

ते मी त्यांना सांगितलं. मग नेहमीच्या गोष्टी: भेट ५० मिनिटांची, औषधं मी देत नाही, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात. इथलं बोलणं इथेच राहील, मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. माझ्या ते लक्षात आलं होतं.

"सातवा खोडलाय," मी म्हटलं.

"तो सोडा."

मी सोडला. पुढचा अर्धा तास ते देणी-घेणी सांगत राहिले, अगदी तारीखवार. वेळ संपली तसे उठले, दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सातव्याचं उत्तर मिळालं की बाकीचे दहा आपोआप सुटतात."

"काय होता तो?"

"माझ्याशिवाय घरच्यांचं भागेल का."

सगळ्यात जड गोष्ट माणसं अशी उठता उठता बोलतात. मी त्यांना परत बसायला सांगितलं आणि विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" याच शब्दांत. 'काही वेडंवाकडं मनात येत नाही ना?' असं विचारलं की समोरचा 'छे छे' म्हणून मोकळा होतो. सरळ विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ऐकायला तयार आहे हे त्या माणसाला कळतं.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांचे खांदे खाली आले. "येतं. दीड महिना झाला."

किती वेळा येतं, काही ठरवलं आहे का, कशामुळे थांबलात, सगळं विचारलं. ठरवलेलं काही नव्हतं. मुलीमुळे थांबले होते. घरच्या कुणाला तरी आज कळायलाच हवं, हे मी सांगितलं. कुणाला आणि कसं, ते मात्र त्यांनी ठरवलं. माझ्यासमोरच त्यांनी बायकोला फोन लावला. "जरा येतेस का इकडे," एवढंच म्हणाले. त्या येईपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. पुढच्या ताईंना मी थांबायची विनंती केली, त्या पाऊण तास थांबल्या. संध्याकाळी ते दोघं मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले.

तो अर्धा तास मला अजून टोचतो. फाटलेला कागद समोर असताना मी देण्याघेण्याचे आकडे ऐकत बसले. त्या दिवसापासून हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते, प्रत्येकाला.

नंतर ते दर आठवड्याला येत राहिले. औषधांनी आधी झोप परतली. चौथ्या भेटीत मात्र चिडून आले. मुलीला कर्जाचं सांगितलं होतं, ती रडली होती. "इथे यायला लागल्यापासून जास्तच त्रास होतोय, बंद करू का?" मी म्हटलं, दाबून ठेवलेलं बाहेर आलं की काही दिवस असे जातात. तरीही माझ्यामुळे काही बिनसत असेल तर तेही सांगा. दुसरा समुपदेशक हवा असेल तर मी नाव सुचवीन. त्यावर ते माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलले. एक खरी होती: मी फार भरभर प्रश्न विचारते.

गेल्या भेटीत वही होती. तिसऱ्या प्रश्नासमोर, उजव्या रकान्यात, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आधी का नाही बोललात.'