ड्रायक्लीनला दिलेली पैठणी हरवली, त्यानंतर

‘माल गहाळ झाल्यास धुलाईच्या दहापटीपेक्षा जास्त भरपाई मिळणार नाही.’ नाशिकच्या ज्या लाँड्रीत आईची पैठणी दिली होती, तिथल्या पावतीच्या मागे हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. पैठणी हरवल्यावर मालक त्याच ओळीवर बोट ठेवून बसले. ड्रायक्लीन आणि रोल पॉलिशचे ५५० रुपये झाले होते, म्हणजे साडेपाच हजार घ्या, मूळ पावती परत द्या आणि विषय संपवा. पैठणी येवल्याची, हातमागावरची, बांगडी मोर पदराची. साडेपाच हजारांत तिचा पदरसुद्धा विणून मिळत नाही.

“ताई, पोराच्या हातून चुकून दुसऱ्या कुणाच्या गाठोड्यात गेली. आता कुणाच्या, ते कसं सांगणार?” असं ते म्हणाले. मी त्यांना तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगितलं आणि त्यांनी पाठवलंही. पुढे या एका मेसेजचा फार उपयोग झाला. आईचं मात्र एकच: “जाऊ दे गं, काकांशी आपले इतक्या वर्षांचे संबंध.” संबंध होते म्हणूनच तर लग्नातली पैठणी विश्वासाने त्यांच्या हातात दिली होती. हे तिला पटवायला मला कागदपत्रं जमवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद झाली. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला आणि त्यात तथ्य होतं. विश्वासघाताच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो, निष्काळजीपणा पुरत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही तक्रार दिली. दुकानाने तिला उत्तर दिलं नाही. मग मी कायदा वाचायला बसले.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा, पण त्यातली कलमं माझ्या पावतीसाठीच लिहिल्यासारखी वाटली. आपण एखादी वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि काम झाल्यावर ती परत मिळणार असेल, तर ती सांभाळण्याची जबाबदारी त्याची. किती सांभाळायची, ते कलम १५१ सांगतं: तेवढ्याच आकाराची, प्रतीची आणि किमतीची स्वतःची वस्तू साधारण शहाणा माणूस जशी सांभाळेल, तशी. म्हणजे पैठणीची काळजी चादरीपेक्षा जास्त घ्यायला हवी. एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर कलम १५२ प्रमाणे तो सुटतो. पण काळजी घेतली होती हे त्यानेच दाखवायचं असतं, कारण वस्तू त्याच्या ताब्यात होती.

माझ्या जाऊबाईंची पर्स एका कापड दुकानाच्या ट्रायल रूमबाहेरच्या खुर्चीवरून गेली होती. त्यांनी विचारलं, “मग मलाही मिळेल का?” तिथे गणित वेगळं आहे. पर्स दुकानातल्या कुणाच्या हातात दिलेली नव्हती. तीच काउंटरवर जमा करून टोकन घेतलं असतं, तर दुकानाला उत्तर द्यावं लागलं असतं.

छापील अटीचं काय? लाँड्रीच्या पावतीवरची, निम्म्याच किमतीची भरपाई देणारी अट मद्रास उच्च न्यायालयाने साठच्या दशकातच ‘लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी’ या खटल्यात नाकारली होती. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणातही तसाच रोख धरला. तिथे व्हॅले पार्किंगला, म्हणजे चावी हॉटेलच्या माणसाकडे देऊन लावायला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ असं टोकनवर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. हे दोन्ही निकाल मी ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत जोडले.

तक्रारीआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. मी ठाणे शहरात राहते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. मला शुल्क किती पडेल याची धास्ती होती, पण शुल्क सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. वकील लागतोच असं नाही. मी लावला नाही. माझ्यासारख्या घरातल्या बाईला हे जमतं, हे मला ठासून सांगायचं आहे.

खरं कष्टाचं काम किंमत सिद्ध करण्याचं. पैठणीचं जुनं बिल आईकडे नव्हतं. भावाच्या लग्नातले फोटो काढले, काठ आणि पदर स्पष्ट दिसतील असे. ते घेऊन येवल्याला गेले. एका विणकर काकांनी फोटो बराच वेळ निरखला आणि तशी पैठणी आज विणायला काय पडेल ते लेटरहेडवर सहीनिशी लिहून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुकानाला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. ते आलं, आणि त्यात पुन्हा तीच दहापटीची ओळ. सुनावणीत त्यांना विचारलं गेलं, की ही अट पावती देताना ग्राहकाला वाचून दाखवली होती का, आणि कपड्यांना खुणेची चिठ्ठी लावण्याची पद्धत काय होती. दोन्हीचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्यानंतर प्रकरण मध्यस्थीकडे गेलं.

तिथे मालकांनी पहिल्यांदा आईकडे बघून “वहिनी, चुकलं” म्हटलं. आई रडली. मी रकमेवर ठाम राहिले. विणकराच्या पत्रातली पूर्ण किंमत आणि तक्रारीचा खर्च, दोन हप्त्यांत, असं ठरलं. मानसिक त्रासाची मागणी आईच्या सांगण्यावरून सोडली. आयोगाने तडजोड आदेशात नोंदवून घेतली. तशी नोंद होण्याचा आग्रह धरा, कारण आयोगाचा आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड होऊ शकतो. दुसरा हप्ता ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच आईच्या खात्यात जमा झाला.